टाकीपर्यंत न गेलेली लेव्हल

पालिकेच्या अभियांत्रिकी विभागात त्यांना तोंडावर सगळे साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की परतबघू. कुठल्याही लेआउटचा, म्हणजे मोकळ्या जमिनीचे प्लॉट पाडून तिथे घरं बांधायचा नकाशा त्यांच्या टेबलावर आला, की पहिल्या खेपेला ते दोनच शब्द बोलत. "परत बघू." बिल्डरच्या माणसाने कितीही गोड बोलून बघावं, खुर्ची ओढून बसावं, मुलाबाळांची चौकशी करावी, उत्तर तेच. आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई म्हणायच्या, साहेब घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जात असतील आणि मागे येऊन कुलूप ओढून बघत असतील. बाईंना वाटायचं आपण थट्टा करतोय. साहेबांच्या बायकोला विचारा, ते रोज अगदी हेच करायचे.

दिसायला माणूस साधा. ब्लेडने टोक काढलेली पेन्सिल खिशाला, पायात जुने पण पॉलिश केलेले बूट, आणि बुटांना नेहमी कुठल्या ना कुठल्या प्लॉटची माती. प्रत्यक्ष जाऊन चालून आल्याशिवाय त्यांनी एकाही लेआउटवर सही केली नाही. नकाशातला नऊ मीटरचा रस्ता जागेवर खरंच नऊ मीटर बसतो का, कोपऱ्यावर आगीचा बंब वळेल का, सांडपाणी कुठे जाईल, पावसाचं पाणी कुठे जाईल. पाण्यावर तर त्यांचा फार डोळा. नव्या इंजिनिअर मंडळींना ते सांगत, "पाणी कुणाची सही बघत नाही. उतार दिसला की निघालं." नवी मंडळी मान डोलावत आणि बाहेर जाऊन हसत.

आता पुढचं कळायला थोडं समजून घ्या. जमिनीची उंची मोजायची तर कुठून तरी सुरुवात करावी लागते. त्यासाठी शहरात ठिकठिकाणी खुणेचे दगड असतात, त्यांच्यावर उंचीचा आकडा कोरलेला असतो. एका दगडापासून दुर्बीण आणि पट्टी घेऊन मोजत निघायचं आणि दुसऱ्या दगडावर जाऊन थांबायचं. आपला आकडा आणि त्या दुसऱ्या दगडावरचा आकडा जुळला तर काम चोख. नाही जुळला तर सगळं पहिल्यापासून. या शेवटच्या मोजणीला क्लोजिंग म्हणतात. पायाला फोड आणणारं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. परतबघूंनी गेली सतरा वर्षं एकदाही क्लोजिंग चुकवलं नव्हतं. लोकांना वाटायचं, काय हा शिस्तीचा माणूस.

शिस्त कसली घेऊन बसलात. भीती होती ती.

सतरा वर्षांपूर्वी शहराच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी, साठ प्लॉटची एक वसाहत मंजुरीला आली होती. तेव्हा ते कनिष्ठ होते. बरोबर पट्टी धरायला खलाशी. खात्यात या कामाच्या माणसाला खलाशीच म्हणतात. या गड्याने जन्मात बोट पाहिली नव्हती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दोघांनी पुलाच्या कठड्यातल्या खुणेच्या दगडापासून सुरुवात केली आणि दुपारपर्यंत सगळी वसाहत मोजून काढली. उरलं क्लोजिंग. दुसरी खूण होती पाण्याच्या टाकीच्या पायरीवर, दीड किलोमीटर लांब, चढावर. म्हणजे बारा वेळा दुर्बिणीची तिपाई रोवायची आणि बारा वेळा उचलायची. ऊन मी म्हणत होतं. साहेबांनी टाकीकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि खलाशाला म्हणाले, "गुंडाळ."

कारण विचाराल तर काही नव्हतं. घरी कुणी आजारी नव्हतं, गाडी चुकत नव्हती. कंटाळा आला होता, बस्स. घरी गेल्यावर चहा घेता घेता त्यांनी वहीत टाकीच्या पायरीचं रीडिंग स्वतःच लिहून टाकलं. तेही किती हुशारीने बघा. पायरीवरचा आकडा जसाच्या तसा उतरवला असता तर कुणालाही शंका आली असती, म्हणून तीन मिलिमीटरचा फरक ठेवला. खरं मोजलं की एवढा फरक पडतोच. वरिष्ठांनी वही पाहिली आणि खूश होऊन सही ठोकली. वसाहत मंजूर झाली. पुढल्या वर्षी खलाशी एक दिवस दबकत टेबलाशी आला. "साहेब, त्या वसाहतीत कडेचा एक प्लॉट मिळतोय. घेऊ का?" साहेबांनी वर न बघता सांगितलं, "घे की. चांगली जागा आहे."

वही लिहिली त्या दिवसापासून ते रीडिंग त्यांच्या मनात खड्यासारखं टोचत राहिलं. दगड चुकीचा असेल असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. कोरलेला दगड तो, चुकेल कशाला? पण खोटं ते खोटं. म्हणून मग प्रत्येक कामात क्लोजिंग, प्रत्येक कामात परत बघू. फक्त जिथे बघायला हवं होतं तिथे मात्र ते कधी गेले नाहीत. चार-दोन वर्षांतच वसाहतीतून अर्ज यायला लागले. जोराचा पाऊस झाला की गटाराचं पाणी बाहेर जायच्या ऐवजी उलटं घरात येतं. साहेब अर्जावर शेरा मारत, गटार तुंबले आहे, रहिवाशांनी कचरा टाकू नये. असे अकरा अर्ज आले आणि अकराही अर्जांवर तोच शेरा. अकरावा अर्ज खलाशाचा होता. त्याची बायको भरलेल्या पाण्यात उंबऱ्याशी घसरली होती आणि तिचं कमरेचं हाड मोडलं होतं. खलाशी तोवर निवृत्त झालेला. अर्ज टेबलावर ठेवून, हात जोडून तो निघून गेला. साहेबांनी त्या अर्जावरही लिहिलं, रहिवाशांनी कचरा टाकू नये. काय म्हणावं अशा माणसाला?

आणि मग, निवृत्तीला तीन महिने उरले असताना, वसाहतीच्या वरच्या उतारावर एकशे चाळीस प्लॉटचा नवा लेआउट आला. त्याचं पावसाचं सगळं पाणी वसाहतीच्या गटारातून नाल्यात सोडायचं असं नकाशात दाखवलं होतं. कागदावर सगळं बिनचूक होतं. वसाहतीच्या गटाराचं तोंड नाल्याच्या पुराच्या पातळीपेक्षा जवळजवळ एक फूट वर दिसत होतं. नव्या लेआउटची उंचीसुद्धा पुलाच्या त्याच दगडापासून मोजलेली. मोठे साहेब म्हणाले, "यात काय बघायचंय? एक अट घाला, गटार साफ करून घ्यावे, आणि द्या मोकळी करून. तुम्ही सुखाने घरी, आम्ही सुखाने इथे."

परतबघू म्हणाले, "परत बघू." सवयीने म्हणाले खरं, पण या वेळी बघायचं होतं ते नाल्याकाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते नव्या इंजिनिअर मॅडमना घेऊन पुलावर गेले. मॅडम वर्षभरापूर्वीच नोकरीला लागलेल्या, कामाला चटपटीत. वसाहतीच्या गटाराचं तोंड, नाल्याचा काठ, वरचा उतार, सगळं मोजून झालं. मॅडमनी दुर्बीण पेटीत ठेवायला घेतली तर साहेब म्हणाले, "अजून संपलं नाही. टाकीपर्यंत जायचंय." बारा वेळा तिपाई रोवली, बारा वेळा उचलली. अठ्ठावन्नाव्या वर्षी चढ छातीत भरतो. टाकीच्या पायरीवर मॅडमनी हिशेब केला, खोडला, पुन्हा केला आणि कानकोंड्या होऊन म्हणाल्या, "सर, माझं काहीतरी चुकलंय. पंचेचाळीस सेंटिमीटरचा फरक येतोय."

"तुमचं नाही चुकलं," साहेब म्हणाले.

तरीही त्यांनी टाकीपासून उलटं मोजत पुलापर्यंत आणलं. फरक तेवढाच. मग ते कठड्याशी उकिडवे बसले आणि दगड प्रथमच नीट बघितला. पूल रुंद करताना जुना कठडा पाडला होता, आणि गवंड्याने खुणेचा दगड नव्या कठड्यात आपल्या हाताला सोयीचा पडेल तसा बसवून टाकला होता, दीड फूट खाली. गवंड्याला काय माहीत त्या आकड्याचा अर्थ. पुलावरच्या पाटीवर रुंदीकरणाचं वर्ष होतं. साहेबांनी वसाहत मोजली त्याच्या दोन वर्षं आधीचं. म्हणजे त्या दिवशी ते टाकीपर्यंत गेले असते, तर तिथल्या तिथे कळलं असतं. वसाहत कागदावर होती त्याहून दीड फूट खाली बसली होती. गटाराचं तोंड पुराच्या पातळीच्या वर नव्हतंच, अर्धा फूट खाली होतं. साठ घरांत पाणी शिरत होतं ते कचऱ्यामुळे नाही. ते साहेबांमुळे.

साहेबांच्या डोळ्यांसमोर ते अकरा शेरे आले. स्वतःची इतकी शिसारी त्यांना आयुष्यात कधी आली नव्हती.

ऑफिसात येऊन त्यांनी मोठ्या साहेबांना दगडाचं सांगितलं. वहीचं मात्र तोंडातून निघेना. मोठे साहेब मुरलेला माणूस. त्यांनी जुनी वही मागवली, पान उलटलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, मग झालं तर. तुमच्या वहीत टाकीला क्लोजिंग जुळलेलं आहे. तीन मिलिमीटर. म्हणजे त्या वेळी दगड जागेवर होता, तुमची लेव्हल बरोबर होती. दगड नंतर कुणीतरी हलवला असेल. आणि वसाहतवाल्यांनी मंजूर उंचीपेक्षा खाली बांधकाम केलं. हे असं लिहा. नवा लेआउट दुरुस्तीला परत पाठवू. वसाहतवाल्यांना नोटीस काढू, तुमचं बांधकाम तुम्ही स्वखर्चाने उचला. पालिकेच्या अंगाला काही लागत नाही आणि तुमच्याही नाही."

"पुलाच्या पाटीवर वर्ष आहे," परतबघू म्हणाले.

"पाटी कोण वाचतं?"

असा मोकळा रस्ता समोर होता. सही करायची आणि तीन महिन्यांनी घरी जायचं. नवा लेआउट अडला म्हणजे नवीन पाणी येणार नाही, ही मनाची समजूतही तयार होती. फक्त साठ घरांच्या कपाळी शिक्का बसणार होता, की चूक तुमचीच. आणि त्याला पुरावा कुठला? चहा घेता घेता लिहिलेलं रीडिंग. खरं लिहिलं तर पालिकेला स्वतःच्या पदरच्या पैशाने नवा नाला बांधून द्यावा लागला असता, आणि साहेबांची चौकशी ठरलेली. तेहतीस वर्षांची नोकरी आणि शेवटी नावापुढे खोटी नोंद करणारा.

त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिचा हात कपावर होता तो तसाच राहिला.

"सतरा वर्षं तुम्ही कुलूप ओढून बघायला परत येता," ती म्हणाली, "आणि मी लोकांना सांगते, फार काळजी घेणारे आहेत हो."

"मी कालच टिपण लिहिलंय. खरं तेच लिहिलंय. फाईलमध्ये अजून लावलं नाही."

"अडलंय कुठे मग?"

ती उठली, कप विसळला आणि पाठमोरीच म्हणाली, "आधी खलाशाच्या घरी जा. त्याच्या बायकोच्या तोंडावर सांगा. मग तुमची फाईल. उलटं केलंत तर मला चालायचं नाही."

दुपारी तीनच्या सुमाराला ते टिपण पाकिटात घालून वसाहतीत गेले. खलाशाचं घर कडेचं. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला ओलीच्या रेघा, एकावर एक अशा चार. फ्रिज विटांवर, कपाट विटांवर, पलंगही विटांवर. पलंगावर खलाशाची बायको पडलेली होती. तीन वर्षं ती तशीच होती, कुबडीने न्हाणीपर्यंत जायची आणि परत यायची. साहेब आलेले पाहून खलाशी गडबडला, खुर्ची पुसायला लागला. "बसा साहेब. अचानक कसं काय येणं केलंत?"

"तू बस," साहेब म्हणाले. "वहिनींनीही ऐकायला हवं."

ते बसले असते तर कदाचित नीट बोलले असते. ते उभेच राहिले आणि शाळेतल्या पोरासारखं एका दमात सगळं सांगून टाकलं. दगड, टाकी, वही, अकरा शेरे.

खलाशी हातातल्या फडक्याच्या घड्या घालत बसला होता. तो म्हणाला, "टाकीला गेलो नव्हतो हे मला माहीत होतं, साहेब. पट्टी माझ्याच खांद्यावर होती ना."

"मग तू इथे प्लॉट का घेतलास?"

"मला वाटलं, तुम्ही नंतर जाऊन आला असाल." खलाशी खाली बघतच बोलत होता. "दुसऱ्या कुणाला तरी घेऊन. तुम्ही तसंच सोडून द्याल असं माझ्या मनातच आलं नाही. मी विचारलं तेव्हा तुम्ही घे म्हणालात, तेव्हा तर खात्रीच झाली."

साहेबांना रडू कोसळलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पाकीट छातीशी धरून, विटांवरच्या पलंगासमोर उभ्या उभ्या रडला. खलाशी उठायला लागला तशी बायकोने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

"रडून होऊ द्या त्यांचं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. साहेबांनी डोळे पुसल्यावर तिने विचारलं, "त्या पाकिटात काय आहे?"

"टिपण आहे. हेच सगळं लिहिलंय."

"वाचा."

त्यांनी वाचलं. ऑफिसची भाषा ती, सदरहू आणि उपरोक्त. ती मन लावून ऐकत होती. "टाकीच्या पायरीवरील रीडिंग मी प्रत्यक्ष घेतलेले नाही, ते मी घरी बसून लिहिले," या ओळीपाशी तिने हात वर केला. "एवढं परत वाचा." त्यांनी परत वाचलं. "आणि अर्जांवर तुम्ही जे लिहीत होता, कचरा टाकू नये, ते कुठे आहे यात?"

ते त्यात नव्हतं.

साहेबांनी पेन काढलं, खुर्चीवर बसून गुडघ्यावर कागद ठेवला आणि खाली लिहिलं: रहिवाशांच्या अकरा अर्जांवर मी मारलेले शेरे चुकीचे आहेत, रहिवाशांचा काहीही दोष नाही. तिला वाचून दाखवलं. तिने मान हलवली.

"मी आत्ताच जाऊन देतो," ते म्हणाले.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, उठा. शर्ट बदला आणि यांच्याबरोबर जा."

खलाशी अवघडला. "अगं, साहेब म्हणतायत ना, देतो म्हणून."

"म्हणतायत. पण मी काही इथून उठून बघायला जाऊ शकत नाही. तुम्ही बघून या."

साहेबांनी टिपण पाकिटात घातलं. दोघं रिक्षाने पालिकेत आले. आवक-जावकच्या बाई आवराआवर करत होत्या. त्यांनी टिपण हातात घेतलं, सवयीने पहिल्या दोन ओळींवर नजर टाकली आणि त्यांची नजर तिथेच थबकली. सबंध पान वाचून झाल्यावर त्यांनी साहेबांकडे पाहिलं. एरवी बाईंना थट्टा सुचायला वेळ लागत नसे. त्या खाली वाकल्या, शिक्का शाईत दाबला, कागदावर मारला आणि नोंदवहीत क्रमांक टाकला.

"झालं," साहेब म्हणाले. "चल, मी तुला घरी सोडतो."

खलाशी काउंटरसमोरून हलला नाही. तीस वर्षं तो याच इमारतीत साहेबांच्या मागे दोन पावलं चालला होता. तो बाईंना म्हणाला, "मला पोच द्या."

"कुणाच्या नावाने?"

त्याने स्वतःचं नाव सांगितलं नाही, बायकोचं सांगितलं. शिक्का मारलेली प्रत त्याने दोनदा वाचली, घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

"तुम्ही नका येऊ साहेब," तो म्हणाला. "ती वाट बघत असेल. तिला दाखवतो." आणि तो जिना उतरून गेला.